गोधडीचे कोपरे जुळत नाहीत, चुण्या पडतात, फोटोत रंग बदलतात – काय करू?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. दारव्ह्याकडच्या गावात राहता, घरी पाय मशीन आहे, मोबाईलवर बाहेरदेशच्या क्विल्ट पाहून स्वतःच्या डिझाईनची गोधडी करायला घेतली, पण चौकोनांचे कोपरे जुळले नाहीत, वरून मशीन मारली तर चुण्या आल्या, अन् फोटो काढला तर लाल रंग भडक आणि सगळी गोधडी वाकडी दिसते. शिवाय आईची चार नऊवारी लुगडी जपून ठेवली आहेत ती यात वापरायची आहेत. मी चांदूर बाजारकडची, हाताची अन् मशीनची दोन्ही गोधडी शिवते, गावातल्या पोरीबाळींना शिकवतेही, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच लिहिते. लांब होईल, पण तुकड्यातुकड्यात सांगून यात भागत नाही.

पहिलं काम, ती लुगडी परत पेटीत ठेवा. त्यांचं शेवटी सांगते.

आता तुम्ही विचारलं त्याच्या उलट क्रमाने सुरू करते, म्हणजे फोटोपासून. तुम्ही फोटो काढता तो गोधडी पुरी झाल्यावर, सगळ्यांना दाखवायला. माझं म्हणणं आहे की पहिला फोटो एकही टाका घालायच्या आधी काढा. तुकडे कापले की जमिनीवर पांढरी चादर अंथरा, त्यावर सगळे तुकडे जसे जोडायचे तसे मांडा, स्टुलावर किंवा ओट्यावर उभं राहून वरून सरळ फोटो घ्या, आणि मोबाईलमधेच तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. एवढं केलं ना, तर डिझाईनमधल्या निम्म्या अडचणी तिथेच उघड्या पडतात. कारण असं आहे की गोधडीतली नक्षी आपल्याला दिसते ती गडद अन् फिक्या कापडातल्या फरकामुळे. लाल अन् हिरवा हातात घेतले तर एकदम वेगळे वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर चार पावलं मागे जाऊन पाहिलं की दोन्हीचा मिळून एकच डाग होतो आणि एवढ्या मेहनतीने जोडलेले त्रिकोण कुठे गेले कळत नाही. ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंग काढून घेतो अन् फक्त गडद-फिकं समोर ठेवतो, मग डोळ्याला फसवायला काही उरत नाही.

म्हणून कापड निवडताना रंगाच्या आधी तीन ढीग करा, गडद, मधलं आणि फिकं. तिन्ही ढिगात काही ना काही पाहिजे. आपल्या घरी साठलेले तुकडे बहुतेक मधल्या ढिगात जातात, साड्यांचे फॉल, ब्लाऊजपीस, मुलींचे जुने ड्रेस, सगळं मधलंच. मग गोधडी बनते पण गढूळ दिसते आणि बाई म्हणते माझं कॉम्बिनेशनच चुकलं. कॉम्बिनेशन बरोबर असतं, एक मीटर मांजरपाट किंवा पांढरी खादी आणि एक मीटर चांगला गडद निळा किंवा चॉकलेटी घेऊन आलात की तेच मधले तुकडे उजळतात.

तो मांडणीचा फोटो डिलीट करू नका. मशीनवर बसल्यावर कोणता तुकडा कोणत्या ओळीतला हे लक्षात राहत नाही, पंख्याच्या वाऱ्याने तुकडे उडतात, लेकरं पाय देऊन जातात. प्रत्येक ओळीचे तुकडे एकावर एक ठेवून वर नंबरची चिठ्ठी टाचा अन् फोटो समोर उभा करून शिवा.

डिझाईनसाठी मोबाईलवर तासन् तास घालवायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं. बाहेरच्या क्विल्ट जरूर पाहाव्या, अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यातल्या बायांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या, त्या २००२ साली ह्यूस्टनच्या म्युझियममधे लागल्या अन् २००६ मधे अमेरिकेच्या पोस्टाने त्यांची तिकिटं काढली. त्याच्याही आधी १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या क्विल्ट चित्रासारख्या भिंतीवर टांगून दाखवल्या होत्या. पलंगावर पसरलेली गोधडी आपण तिरपी पाहतो, त्यातलं अर्धं दिसतं, अर्धं लोंबतं. उभी टांगली की पहिल्यांदा सगळी एकदम नजरेत येते. आपल्या शेजारी कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बाया कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी करतात, त्या तर आधी तुकडे जोडून वरचा थर तयारच करत नाहीत, कडेपासून सुरू करून एकेक तुकडा ठेवत शिवत शिवत मधे येतात आणि चार कोपऱ्यांना घडीची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. हे सगळं पाहा, पण त्यांची नक्कल करू नका. त्या बायांनी आपल्या अवतीभवतीचंच घेतलं होतं, तुम्हीही तेच करा.

एक उदाहरण देते. आपल्याकडे कपाशीच्या काही ओळी अन् मधे तुरीच्या एखाद-दोन ओळी असा पेरा असतो. कापूस फुटल्यावर अन् तूर फुलोऱ्यात असताना धुऱ्यावर उभं राहून पाहा, पांढऱ्या पट्ट्या अन् मधे पिवळी रेघ, हेच डिझाईन. ३६ इंचाचं दुपटं करायचं असं धरा. सहा पांढऱ्या पट्ट्या शिवून झाल्यावर दीड-दीड इंचाच्या, म्हणजे ९ इंच झाले, त्यानंतर ३ इंचाची तूर, असे १२ इंच, आणि हेच तीनदा. पांढरं म्हणून एकच कापड घेऊ नका, शेतातला कापूस कुठे सगळा सारखा पांढरा असतो, तर मांजरपाट, खादी, जुनं धोतर, थोडा मळका पांढरा, असं मिसळा.

आता याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. तूर गायब झाली असेल! पिवळा रंग इतका फिका असतो की पांढऱ्याशेजारी तो दिसतच नाही. प्रत्यक्षात डोळ्याला दिसतो, पण दुरून दुबळा वाटतो. यावर उपाय म्हणजे पिवळ्याच्या दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या इंचाची काळपट चॉकलेटी पट्टी घाला अन् पिवळा २ इंचाचा ठेवा. तीन इंच ते तीनच राहिले, अन् काळी माती पण आली. परत फोटो काढा, आता रेघ उठून येते की नाही पाहा. मांडणी, फोटो, बदल, परत फोटो, यात एक अख्खी दुपार गेली तरी जाऊ द्या, ती दुपार नंतर उसवण्यात जाणाऱ्या आठवड्यापेक्षा स्वस्त पडते.

बॉर्डरसाठी आणखी एक गोष्ट सुचवते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगावकडे टसरची करवतकाठी साडी विणतात, तिच्या काठाला करवतीसारखे दाते असतात. हेच दाते परदेशी गोधडीतही बॉर्डरला असतात, छोट्या त्रिकोणांची रांग. दोन इंचाचे दाते घेतले तर ३६ इंचाच्या एका बाजूला बरोबर १८ बसतात. ते करायची सोपी रीत अशी, एक गडद अन् एक फिका ३ इंचाचा चौकोन सुलट्यावर सुलटं ठेवा, कोपऱ्यातून कोपऱ्यात पेन्सिलीने रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच सोडून शिवा, मग रेघेवर कापा. दोन तयार दाते मिळतात, ते इस्त्री करून अडीच इंचाला छाटून घ्या. चारी बाजूंना ७२ दाते, म्हणजे ३६ गडद अन् ३६ फिके चौकोन लागतील, कोपऱ्यात अडीच इंचाचे साधे चार चौकोन ठेवा. पण हे पहिल्या गोधडीत नको.

पहिल्या गोधडीत साधे चौकोन घ्या, काहून ते सांगते, त्यातच तुमच्या कोपऱ्यांचं उत्तर आहे. साडेचार इंचाचे ८१ चौकोन कापा, ४१ गडद अन् ४० फिके, नऊ गुणिले नऊ बुद्धिबळाच्या पटासारखे मांडा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत शिवणीत गेले की प्रत्येक चौकोन ४ इंचाचा उरतो अन् दुपटं ३६ इंचाचं होतं. टेलरकामात इंचाचे आठ सूत धरतात हे तुम्हाला माहीत असेलच, तर गोधडीची शिवण दोन सुतांची, पाव इंच. ब्लाऊज शिवणाऱ्या बायांना ही फार बारीक वाटते, हात आपोआप जास्त कापड घेतो. आता हिशोब पाहा. प्रत्येक शिवणीत अर्धा सूत जास्त गेला तर दोन्ही तुकड्यांचा मिळून एक सूत खाल्ला जातो. एका ओळीत आठ शिवणी. आठ सूत म्हणजे अख्खा एक इंच! एक ओळ ३५ इंचाची, दुसरी नीट शिवलेली ३६ ची, मग कोपरे जुळणार कसे. वरच्या कपाशी-तुरीच्या डिझाईनमधे तर २७ पट्ट्या अन् २६ शिवणी आहेत, तिथे हाच अर्धा सूत सव्वातीन इंच खाऊन जाईल.

तुमच्या मशीनवर दोन सूत कुठे येतात हे आधी शोधा. प्रेशर फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची कड सुईपासून दोन सुतांवरच असेल असं धरून चालू नका, पुष्कळ मशीनवर ती जास्त असते. दीड इंचाच्या तीन पट्ट्या कापा, एकमेकींना जोडा, इस्त्री करा अन् मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली तर शिवण बरोबर. कमी भरली तर तुम्ही जास्त कापड घेता. बरोबर जागा सापडली की मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टीच्या दोन-तीन घड्या एकावर एक लावून कडा करून घ्या, कापड तिला टेकवून चालवलं की पाहायचंही काम नाही.

कापताना पुठ्ठ्याचा साचा वापरत असाल तर तो बदलत जा, पेन्सिल अन् कात्री लागून पुठ्ठ्याची कड झिजते अन् पन्नासावा चौकोन पहिल्यापेक्षा लहान निघतो. जाड प्लास्टिकचा चालतो. ऑनलाईन गोल फिरणारा कटर, चटई अन् पारदर्शक पट्टी मिळते, छंद टिकला तर घ्या, पहिल्या दुपट्यासाठी नको. सुती कापड आधी दोऱ्याच्या रेघेत फाडून सरळ करा, मग कापा. तिरकं कापलेलं कापड शिवताना ताणतं.

त्याहीआधी धुवा. सगळं, नवं-जुनं. नवं सुती कापड आटतं, जुनं आधीच आटलेलं असतं, दोन्ही न धुता जोडले तर पहिल्या धुण्यात नवं आक्रसतं अन् जुन्यावर फुगे येतात. लाल, मरून, गडद निळा यांचा रंग जातो का ते पाहायला ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. रंग उतरला तर परत धुवा, तीनदा धुऊनही उतरतच असेल तर ते कापड गोधडीत नको, मीठ घालून रंग पक्का होतो म्हणतात त्यावर मी विसंबत नाही. पॉलिस्टर ओळखायला काठावरचे दोन दोरे काढून जाळा, सुती कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टर इस्त्रीला घाबरतं, मशीनखाली घसरतं अन् आपल्या उन्हाळ्यात अंगाला चिकटतं, म्हणून मी घेत नाही.

इस्त्री पण कपड्यासारखी फिरवायची नाही, उचलून दाबायची. फिरवली की चौकोन लांबतो. शिवणीचं कापड गडद बाजूला दाबा म्हणजे फिक्यातून दिसत नाही. बुद्धिबळाच्या पटात एक फायदा आपोआप मिळतो, गडद बाजूला दाबत गेलं की पहिल्या ओळीच्या शिवणी अन् दुसऱ्या ओळीच्या शिवणी उलट दिशेला जातात, दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की कोपऱ्यावर एकमेकींत अडकून बसतात, बोटाला कळतं. तिथे टाचणी लावा अन् शिवा. कोपरा चुकणार नाही.

आता चुण्या. आपल्या आज्या गोधडी कडेपासून सुरू करून आत आत जात मधे संपवायच्या, धावदोऱ्याने, अन् चुणी पडत नव्हती. कारण गोधडी जमिनीवर पसरलेली, बाई तिच्यावरच बसलेली, हाताने पुढचं कापड सारखं करत जायची, सगळे थर एकाच वेळी सुईवर यायचे. मशीनवर तसं नसतं. मशीनचे खालचे दात अस्तर मागे ओढतात अन् वरचा प्रेशर फूट वरच्या थराला अडवतो, प्रत्येक टाक्याला वरचा थर केसभर पुढे सरकत जातो. ते सरकलेलं कापड कडेला पोचेपर्यंत ढीगभर होतं अन् दुसऱ्या शिवणीला अडलं की चुणी. म्हणून मशीनवर मधून सुरू करून बाहेर जायचं, सरकलेलं कापड बाहेर निघून जातं. हाताच्या गोधडीची रीत मशीनवर लावली म्हणूनच तुमच्या चुण्या आल्या असाव्यात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

बाकीचे उपाय हे. अस्तर चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोठं घ्या. फरशीवर अस्तर उलटं पसरून कडा चिकटपट्टीने लावा, ओढून नाही, नुसतं सपाट. त्यावर मधला थर, त्यावर वरचा. मग थर हलू नयेत म्हणून कच्चा दोरा, म्हणजे नंतर काढून टाकायचे लांब टाके, मधून बाहेर घाला, चार-चार बोटांवर. हे काम कंटाळवाणं आहे अन् हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, वीतवीतभर अंतर ठेवून भागत नाही. प्रेशर फूटच्या वरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा. तुकडे जोडताना इंचात १०-१२ टाके ठेवले असतील तर इथे ७-८ ठेवा. सुई बदला, जाड थराला १६ नंबर. गोधडीचं वजन लोंबू देऊ नका, मशीनच्या डाव्या बाजूला अन् मागे बाज किंवा बाक लावून तिच्यावर टेकवा, लोंबणारं वजन सुई ओढतं अन् टाके वाकडे येतात. वॉकिंग फूट नावाचा वेगळा फूट मिळतो, तो वरच्या थरालाही खालच्यासारखंच पुढे ढकलतो, पण घ्यायच्या आधी तुमच्या मशीनला बसतो का हे दुकानात मशीनचा फूट नेऊन पाहा.

मधल्या थरात काय घालायचं असं सगळेच विचारतात. घरी कापूस असतो म्हणून सुटी रुई पसरायचा मोह होतो. करू नका. गादी धूत नाहीत म्हणून तिच्यात रुई टिकते, गोधडी धुवायची असते, पहिल्या धुण्यातच रुईचे गोळे होऊन कोपऱ्यात जातात. पॉलिस्टरची शीट हलकी असते, लवकर वाळते, पण गरम होते. आपल्याकडे थंडी दोन-अडीच महिने अन् बाकी वर्षभर पंखा, तर जुन्या सुती चादरीचा किंवा धोतराचा एक थर पुरे. तेवढीच गोधडी पोर चैत्रातही पायावर घेतं.

हाताने शिवायची असेल, अन् माझा जीव हातशिलाईतच जास्त रमतो, तर दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, गुंततो. दोऱ्याला मेण लावा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. गाठ थरांच्या आत ओढून घ्या. ओळींमधे दोन बोटांचं अंतर बास आहे. गावात अजून पुष्कळ म्हाताऱ्या आहेत ज्यांचे टाके मोजून मारल्यासारखे येतात, त्यांच्याजवळ जाऊन बसा. आमच्या शेजारच्या आजी विरळ टाके पाहिले की म्हणायच्या, "काय व, हे तर दोन धुन्यात इरून जाईन." त्यांचं खरंच असायचं, ओळी जितक्या जवळ तितकी गोधडी जास्त टिकते.

काठाला अडीच इंचाची पट्टी, दुहेरी घडी करून. ३६ इंचाच्या दुपट्याचा घेर १४४, त्यात १२ इंच जास्तीचे धरून १५६ इंच पट्टी लागेल. कोपऱ्याच्या दोन सूत आधी थांबा, दोरा कापा, पट्टी वर घडी घालून परत खाली आणा अन् पुढची बाजू सुरू करा.

आता पुरी झालेल्या गोधडीचा फोटो. वाकडी दिसते कारण दोरीवर वाळत घालून काढता. दोरी मधे झोल खाते, तिच्याबरोबर गोधडीही. सरळ वेळू किंवा पाईप घ्या, गोधडीच्या मागे वरच्या बाजूला चार इंचाची कापडी नळी कच्च्या टाक्याने लावा, तिच्यातून वेळू घालून दोन खिळ्यांवर ठेवा. खालच्या कडेलाही एक काठी घातली तर वाऱ्याने हलत नाही. दुसरं कारण मोबाईल. जवळ उभं राहून अख्खी गोधडी मावण्यासाठी तुम्ही मोबाईल तिरपा धरता किंवा वाईड लेन्स लावता, त्यात कडा बाहेर फुगतात. गोधडीच्या मध्याच्या उंचीवर मोबाईल धरा, भिंतीला समांतर, मागे जा, अन् दोनपट झूम करून काढा. कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेघा चालू करा अन् वरचा काठ रेघेशी जुळवा.

उजेडाबद्दल जरा जास्त लिहिते कारण रंग तिथेच बिघडतो. आपल्या दुपारच्या उन्हात फोटो काढूच नका, मार्च ते जून तर नाहीच, पांढरं जळतं अन् गडद काळं पडतं. सपरीत सावलीत, पण समोर मोकळं आभाळ असेल अशा जागी टांगा. समोरून येणारा तो मऊ उजेड रंग खरे दाखवतो. पावसाळ्यातला ढगाळ दिवस याहून चांगला, पाऊस थांबलेला तासभर मिळाला तर सोडू नका. निंबाखाली काढू नका, पानांतून येणारा उजेड हिरवा असतो, पांढऱ्या कापडावर लगेच कळतं. आपल्याकडे घराच्या भिंती निळ्या-पोपटी रंगवलेल्या असतात, समोरच्या भिंतीवर ऊन पडलं असेल तर तिचा रंगही गोधडीवर येतो. घरात काढायचा तर ट्यूबलाईट बंद करा, खिडकीचा अन् ट्यूबचा उजेड मिसळला की अर्धी गोधडी पिवळी अर्धी निळी. लाल भडकतो यावर उपाय म्हणजे लाल भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची खूण खाली ओढा, थोडा काळपट वाटेपर्यंत. लाल कापडाची वीण फोटोत दिसू लागली की बरोबर झालं. फिल्टर लावू नका.

हे झाले रंगाचे फोटो. टाक्यांचे फोटो वेगळ्या उजेडात काढायचे. टाका दिसतो तो त्याच्या सावलीमुळे, अन् समोरून उजेड आला तर सावली पडत नाही. सकाळी ऊन कोवळं असताना किंवा संध्याकाळी उतरताना, उजेड एका बाजूने गोधडीला घासून जाईल असं धरा, प्रत्येक ओळ उठून दिसते, दोन ओळींमधला फुगवटाही. मी प्रत्येक गोधडीचे एवढे तरी फोटो ठेवते: अख्खी समोरून, अख्खी मागून, एक कोपरा काठासकट, टाके बाजूच्या उजेडात, अन् एक कोणीतरी पांघरलेली, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. मागचा फोटो लोक काढत नाहीत, पण हातशिलाईचं खरं काम मागूनच कळतं. धुवायच्या आधी एकदा काढा, रेघा धारदार असतात, अन् पहिल्या धुण्यानंतर परत, तेव्हा सुती गोधडी थोडी आक्रसून तिला बारीक सुरकुत्या येतात अन् मला तरी तेच रूप जास्त आवडतं.

आता लुगडी. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, रुंदीला वार-सव्वा वार, म्हणजे पाच बाय साडेसात फुटांच्या गोधडीचे दोन थर एका लुगड्यात आरामात निघतात, फार कापावंही लागत नाही. जुन्या वाकळीत अशीच अख्खी लुगडी घड्या घालून थर लावायचे. तुम्ही प्रत्येक लुगडं आधी खिडकीसमोर धरून पाहा. बसायच्या जागेवर अन् घोट्याजवळ ते विरलेलं असतं, उजेड आरपार येतो, ते भाग मधल्या थरात घाला. घट्ट भाग वरच्या थराला ठेवा, त्यामागे मलमल लावा अन् मगच कापा. इतक्या जुन्या सुतावर मशीन मारू नका, जाड सुईची भोकं पडतात अन् पॉलिस्टरचा पक्का दोरा ओढ बसली की कापडच कापतो, सुती दोऱ्याने हातशिलाई करा. काठ वेगळे काढून गोधडीच्या चारी बाजूंना लावा, त्यांना वेगळ्या बॉर्डरची गरज नसते.

कात्री लावायच्या आधी प्रत्येक लुगड्याचा फोटो काढा, अख्खं पसरून, पदर, काठ, अन् कुठे रफू केलेलं असेल तर ते जवळून. आई ते कधी नेसायची, कुठून घेतलं, घरात ज्यांना आठवतं त्यांना आताच विचारून फोटोसोबत लिहून ठेवा. गोधडी झाली की मागच्या कोपऱ्यात दोऱ्याने आईचं नाव, तुमचं नाव, गाव अन् साल घाला, पेनाने नको, धुण्यात जातं. चारपैकी जास्त विरलेली तीन गोधडीला घ्या, सगळ्यात चांगलं एक न कापता ठेवा. अन् हे सगळं ते ८१ चौकोनांचं दुपटं पुरं झाल्यावर, हात बसल्यावर, त्याच्या आधी नाही. दुपट्यासाठी दोन्ही कापडं एक-एक मीटर आणा, अस्तराला ४२ बाय ४२ इंच लागेल, बाजारात रुंदीला तेवढं मिळालं नाही तर जोड मधे न आणता एका कडेला घ्या, मधली शिवण मशीनखाली जाड लागते.